डोंगराकडे वळणारं कासव

लग्न होऊन यावलला आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई जेवताना मला म्हणाल्या, "सूनबाई, तुह्या तापीकडच्या गालाले पीठ लागलं." मी गाल पुसला. सासूबाई हसल्या, दीर हसला, ताक मागायला आलेली शेजारीणही दारातल्या दारात हसली. मी चुकीचा गाल पुसला होता. माझं माहेर शिंदखेड्याचं. तिथे तापी उत्तरेला. यावल नदीच्या पलीकडचं, म्हणून इथे तापी दक्षिणेला आणि उत्तरेला सातपुडा. नदी तीच, पण सासरी आल्यावर ती माझ्या दुसऱ्या गालाकडे गेली होती, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या यावलात उजव्या-डाव्यावाचून कुणाचं काही अडत नाही. बांध डोंगराकडचा, विहीर तापीकडची. तांब्या डोंगराकडच्या कोनाड्यात असतो आणि आजारी माणूस तापीकडच्या कुशीवर झोपतो. माहेरीही लोक असंच बोलायचे, पण मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, तेव्हा हे सगळं मागे टाकलं अशी माझी समजूत होती. शाळेत नोकरी लागल्यावर मी मनाशी ठरवलं की माझ्या वर्गातली पोरं तरी उजवं-डावं म्हणतील. हे एवढं साधं काम आयुष्यात मला इतका वैताग देईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारच्या कुठल्याशा योजनेत आमच्या शाळेला एक संगणक मिळाला. गणित शिकवते म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. योजनेचं केंद्र आमच्या जिल्ह्यात नव्हतं, धुळ्याला होतं; तिथे थोड्या दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा तरुण मोठा हौशी होता. तो म्हणाला, मुलांना आकडेमोडीने घाबरवू नका, चित्रांपासून सुरू करा. पानं, फुलं, फुलपाखरं काढू द्या, त्यातून ती आपोआप प्रोग्रॅम लिहायला शिकतील. त्यासाठी त्याने आम्हाला लोगो नावाची भाषा शिकवली. पडद्यावर एक छोटा त्रिकोण दिसतो, त्याला कासव म्हणायचं. फॉरवर्ड पन्नास असं टाइप केलं की कासव पन्नास पावलं पुढे जातं आणि मागे रेघ सोडतं. राइट नव्वद म्हटलं की जागच्या जागी उजवीकडे काटकोनात वळतं. बस, एवढंच. मला वाटलं, हे तर पोरंही चार दिवसांत शिकतील.

मुख्याध्यापकांनी संगणकाला कोपऱ्यातली खोली दिली. खिडकीला पडदा लावला, नारळ फोडला, उंबऱ्याबाहेर चपला काढायचा नियम केला. टेबल उत्तरेच्या भिंतीला लावलं, कारण प्लग तिथे होता. यंत्र आलं पण वीज कुठून आणायची? शाळा भरली की वीज जायची, सुटली की यायची. असून अडचण, नसून खोळंबा, अशी गत. त्यातून वीज गेली की कासव शिकलेलं सगळं विसरायचं. म्हणून काम झालं की ते फ्लॉपीवर उतरवायचं, फ्लॉपी काढून घ्यायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा घालून आठवण करून द्यायची. "काम झालं, फ्लॉपी काढली का?" हे वाक्य मी त्या वर्षी पाढ्यासारखं घोकून घेतलं.

पुढे एक फर्मान आलं. दिवाळीनंतर धुळ्याला सगळ्या शाळांनी आपापलं यंत्र घेऊन यायचं आणि मुलांनी शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर काहीतरी करून दाखवायचं. ज्यांना जमणार नाही त्यांचं यंत्र काढून घेतलं जाईल. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, यंत्र राहिलं पाहिजे. गावात आपली इज्जत आहे." मला इज्जतीचं काही नव्हतं. पण आठवड्यातून दोन तास त्या खोलीत पोरं जशी बसायची तशी ती माझ्या गणिताच्या तासाला कधीच बसली नव्हती, आणि ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

तयारीच्या पहिल्या दिवशी मी गुलाब काढायला सांगितला. सातवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. केळीच्या बागाईतदाराची मुलगी, दोन घट्ट वेण्या, आणि तोंड असं की बोलायला लागली की थांबायची नाही. म्हणाली, "बाई, गुलाब कुठी हाये आपल्याकडे? केयीचं पान काढू." बरं, काढा केळीचं पान. मग पान काढलं तर ते अखंड काढायला कुणी तयार होईना. वारा लागलेलं पान फाटतंच, असं सगळ्यांचं म्हणणं. मधला दांडा, त्याच्या दोन्ही अंगांना फाटलेल्या पट्ट्या, मध्ये मध्ये फटी. खरं सांगायचं तर ते चांगलं झालं, कारण एकच पट्टी पुन्हा पुन्हा काढायची म्हणजे रिपीट हा शब्द शिकवता आला. पण त्या पोरांच्या हातांना केळीचा चीक लागलेला असायचा, तो कीबोर्डच्या कळांवर काळा पडायचा, आणि मुख्याध्यापक रोज मला विचारायचे की संगणकाला डाग कसे पडले.

चुकीचा शब्द टाइप केला तर यंत्र इंग्रजीत सांगायचं की हे कसं करायचं ते मला माहीत नाही. पोरांना याचं केवढं अप्रूप. वर्गात "येत नाही" म्हटलं की छडी, आणि हे एवढं महागाचं यंत्र बिनदिक्कत म्हणतंय, मला येत नाही. ती मुलगी मुद्दाम काहीबाही टाइप करायची आणि मैत्रिणींना म्हणायची, "पाहा, याले भाकर येत नही. याले शेंगदाणे येत नही." मी ओरडले की गप्प व्हायची, पाठ वळली की पुन्हा सुरू.

खरी अडचण वळण्याची होती. कासवाचं तोंड वर असेपर्यंत त्याचं उजवं ते आपलं उजवं. ते खाली वळलं की त्याचं उजवं आपल्या डाव्या बाजूला येतं. एवढं समजावताना माझा घसा बसला. शेवटी सगळ्यांना मैदानात नेलं, एका मुलाला कासव केलं, त्याच्या हातात चुन्याचा डबा दिला आणि बाकीच्यांना म्हटलं, सांगा याला, कुठे वळायचं. सगळी एका सुरात म्हणाली, "डोंगराकडे."

"डोंगराकडे नाही. उजवीकडे म्हणायचं."

"पण तो काय डोंगर, बाई."

होता. शाळेच्या कौलांवरून सातपुडा निळा दिसत होता, त्याला मी काय करणार? मी म्हटलं, संगणकाच्या आत डोंगर नसतो. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "बाई, उजवं-डावं हाताले असते. कासवाले हात कुठी हाये? त्याले चारी पाय हाये." पोरं खो खो हसली. मी तिला मैदानाला फेरी मारायला लावली. फेरी मारताना ती मोठ्याने म्हणत होती, "आता डोंगराकडे चालली, आता तापीकडे चालली," म्हणजे शिक्षेतही मलाच शिकवत होती.

पंधरवडा मी पोरांना उजवीकडे वळवत होते आणि पोरं डोंगराकडे वळत होती. पालथ्या घड्यावर पाणी. केळीचं पान निम्मं वर जायचं आणि निम्मं पडद्याबाहेर. दिवाळी जवळ आली, मला रात्री झोप लागेना, आणि एक दिवस रागाच्या भरातच मी पुस्तक उघडलं. त्यात दिसलं की कासवाला राइट-लेफ्ट न सांगता थेट दिशाही देता येते; शून्य म्हटलं की ते सरळ वर तोंड करतं, एकशेऐंशी म्हटलं की खाली. आणि लोगोला आपला शब्दही शिकवता येतो. मी दात-ओठ खात चार शब्द शिकवले. डोंगर म्हणजे वर. तापी म्हणजे खाली. उगवती आणि मावळती म्हणजे दोन्ही बाजू. नाहीतरी टेबल उत्तरेच्या भिंतीला होतं, पडद्यात वर म्हणजे खरोखरच डोंगराकडे. "घ्या," मी म्हटलं, "तुमचा डोंगर. आता तरी काढा."

त्यांनी काढलं. आठ दिवसांत अख्खं शिवार उभं केलं. वर सातपुड्याची नागमोडी रेघ, खाली तापीच्या दोन वळणदार रेघा, मध्ये केळीच्या रांगा आणि प्रत्येक केळीला फाटकी पानं. रिपीटच्या आत रिपीट, त्याच्या आत तिसरं रिपीट. पुस्तकात एवढं नव्हतं. ती मुलगी सगळ्यांना हुकूम सोडायची, "तापी चाळीस नको, तापी तीस कर, नहीतर पाट बुजीन." मी मागे उभी राहून बघत होते आणि मला आनंद होत होता. पण आनंद दाखवला असता तर ती अजून डोक्यावर बसली असती, म्हणून मी म्हटलं, "फ्लॉपी काढली का?"

धुळ्याला जायच्या दिवशी पहाटे जीप आली. यंत्र गोधड्यांमध्ये बांधलं. मी, मुख्याध्यापक आणि ती मुलगी. दुसऱ्या कुणाला नेण्याचा मुख्याध्यापकांचा विचार होता, कारण हिचं तोंड, पण सगळं शिवार पाठ फक्त हिलाच होतं. फ्लॉपी तिच्या मांडीवर रुमालात होती. तापीच्या पुलावर तिने नदीला हात जोडले आणि पूल संपल्यावर मागे वळून बघत राहिली. मला वाटलं, गाडी लागली असेल.

सभागृहात आमचं टेबल दक्षिणेच्या भिंतीला लावलेलं. पुन्हा तेच, प्लग तिथे. इतर शाळांच्या मुलांनी चौकोन काढले, तारे काढले, एका शाळेने झेंडा काढला. आमची पाळी आली. साहेब खुर्ची ओढून बसले. हे साहेब मूळचे धुळ्याचेच, जाडजूड, हातात पेन. म्हणाले, "तयार चित्र नको. समोर टाइप करून दाखव."

मुलगी बसली. फ्लॉपी घालून शब्द यंत्रात चढवले, कळांवर हात ठेवले. आणि थांबली.

तिने खिडकीकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग मागे दाराकडे. मी खुणावलं, कर की. ती हलेना. मुख्याध्यापक घसा खाकरायला लागले. मी जवळ जाऊन दबक्या आवाजात विचारलं, "विसरलीस का?"

"नही बाई. ऊन दुसऱ्या बाजूनं येऊन राह्यलं."

"मग येऊ दे."

"आपलं तोंड उलटं हाये, बाई. डोंगर मागं राह्यला."

"अगं, कासवाला कुठे माहीत आहे डोंगर कुठे राहिला? तू नेहमीसारखं टाइप कर."

ती तेवढ्याच दबक्या आवाजात म्हणाली, "पण आपण पूल ओलांडला. आता तापी बी मागं, अन डोंगर बी मागं. दोन्ही एकीकडेच. मंग कासवानं तापीकडे जायचं म्हणजे कुठी जायचं?"

त्या क्षणी मला तिच्या दोन्ही वेण्या धरून तिला गदागदा हलवावंसं वाटलं. इतक्या दिवसांचं माझं घसा फोडणं, ते यंत्र, ती खोली, सगळं या पोरीच्या एका डोंगरापाशी अडलं होतं. आणि राग याचाही येत होता की तिचं बरोबर होतं. धुळ्याहून तापी उत्तरेला आणि सातपुडा त्याच्याही उत्तरेला. मी शिंदखेड्याची, एकदा भर पंगतीत चुकीचा गाल पुसलेली बाई, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "काय अडलंय?"

मी काहीतरी सारवासारव करणार तोच ती मुलगी सरळ त्यांनाच म्हणाली, "साहेब, तुमच्या गावाले डोंगर कोणता हाये?"

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. पण साहेबांना या प्रश्नात गैर काही वाटलं नाही. इतका वेळ ते कचेरीतलं शुद्ध मराठी बोलत होते, ते एकदम सुटलं आणि घरची बोली आली. "आमना लळिंग शे ना," ते म्हणाले, आणि पेनाने आमच्या समोरची भिंत दाखवली. "हाऊ काय, समोर. याच भिंतीच्या मागे. किल्ला शे त्यावर."

"अन तापी?"

"तापी मागल्या अंगाले."

"मंग जमलं," ती म्हणाली. समोर डोंगर, पाठीमागे तापी. पडद्यात वर डोंगर, खाली तापी. उगवती-मावळतीची अदलाबदल तिने चालवून घेतली; दोन्हीकडे केळीच होत्या. तिने डोंगर टाइप केलं आणि कासव वर वळलं. मग जी सुरू झाली ती थांबलीच नाही. रेघ नागमोडी वर गेली तेव्हा साहेब खुर्चीतून पुढे झुकले. "अरे, हा तर लळिंगच." मुख्याध्यापकांनी लगेच मान डोलावली. मी गप्प राहिले. केळीच्या रांगा आल्या, फाटकी पानं आली. लळिंगच्या पायथ्याशी एवढ्या केळी कुठून आल्या हे साहेबांनी विचारलं नाही. शेवटी दोन रेघांची तापी वाहिली. सभागृहात टाळ्या झाल्या. मुलीने शिकवल्याप्रमाणे फ्लॉपी काढली, रुमालात गुंडाळली आणि उठली.

मला वाटलं, जिंकलो. साहेबांनी मुख्याध्यापकांना बाजूला घेतलं. मुख्याध्यापक परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. साहेब म्हणाले होते, इतकं छान काम खेड्यात पडून राहायला नको, यंत्र इथेच ठेवू, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दाखवता येईल. जमलं नसतं तर काढून घेणार होते, आणि जमलं म्हणून ठेवून घेतलं. इकडे आड, तिकडे विहीर. मी साहेबांशी भांडायला निघाले तर मुख्याध्यापकांनी माझी वाट अडवली. नोकरीची आठवण करून दिली. मी जीपमध्ये जाऊन बसले आणि रडले, रागाने.

परतताना मागच्या सीटवर नुसत्या गोधड्या होत्या. ती मुलगी वाटभर त्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. पूल ओलांडल्यावर एवढंच म्हणाली, "बाई, साहेबानं आपल्या डोंगराले लळिंग म्हटलं अन आपण काहीच बोललो नही."

कोपऱ्यातल्या खोलीत टेबल राहिलं. पोरं तासाला तिथेच जाऊन बसायची. मी मैदानात चुन्याने चित्रं काढून घ्यायचे, पण माझं लक्ष नव्हतं आणि पोरांचंही.

थंडी सरत आली तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा फोन वाजला. धुळ्याहून होता. मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. पलीकडे कुणी कारकून वैतागून सांगत होता की तुमचं यंत्र बिघडलंय. मोठे पाहुणे आले होते, साहेबांनी स्वतः डोंगर टाइप केलं, तर यंत्र म्हणालं, डोंगर कसा करायचा ते मला माहीत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. साहेबांची शोभा झाली. आता काय करायचं?

मला हसू फुटलं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि दारातून त्या मुलीला हाक मारली. झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "त्याले कसा येईन? डोंगर इथी हाये." आणि कपाटाकडे बोट दाखवलं. रुमालातली फ्लॉपी तिथेच होती.

मी फोनवर तेच सांगितलं. यंत्राला काही झालेलं नाही, डोंगर इथे आहे. कारकून म्हणाला, मग तो टपालाने पाठवा. मी म्हटलं, डोंगर टपालाने येत नाही, यंत्र इकडे पाठवा. मुख्याध्यापक हातवारे करून मला गप्प करत होते. मी रिसीव्हर ठेवून दिला. पुढे दोन-तीनदा फोन आले, मी प्रत्येक वेळी हेच बोलले, आणि मुख्याध्यापक, एरवी इतके भित्रे, नंतर नंतर स्वतःच म्हणायला लागले, "बाईंना विचारा, डोंगर त्यांच्याकडे असतो."

परीक्षा संपल्या आणि तीच जीप आली. यंत्र नुसतंच, झाकायला फडकंही नाही. आम्ही ते जुन्या जागी, उत्तरेच्या भिंतीला लावलं. नवल म्हणजे वीज होती. मुलगी बसली आणि फ्लॉपी न घालताच तिने डोंगर टाइप केलं. यंत्र म्हणालं, मला माहीत नाही.

"अगं, आधी फ्लॉपी घाल ना," मी वैतागले.

"थांबा बाई. पाहू द्या, तिथल्या लोकायनं याले दुसरा डोंगर तर नही शिकवला."

मग तिने फ्लॉपी घातली आणि शिवार काढायला घेतलं. नागमोडी रेघ सावकाश वर चढली. तिने माझ्याकडे बघितलं. "हा आपला ना?"

"आपलाच," मी म्हटलं.

सुट्टीत माहेरी शिंदखेड्याला गेले. आईने लोणच्याचा घाट घातला होता. मी कैऱ्यांना हळद चोळत बसले होते. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना तापीकडला गालले हळद लागनी शे." मी पदराने गाल पुसला. आई हसायला लागली.